सुई नसलेलं पिल्लू

ताईचा फोन आला तेव्हा मी एका गोदामाच्या फाटकावर ‘येथे वाहने उभी करू नयेत’ असं रंगवत होतो. ‘नयेत’वरची मात्रा तेवढी राहिली होती.

“रंग्या, शाईचे टाक आणि बारीकातले बारीक ब्रश घेऊन ये,” ती म्हणाली. “महिनाभराचे कपडे घे. आणि कशाला जातोयस ते कुणाला सांगू नकोस.”

फोन बंद. मात्रा द्यायची राहिली ती राहिलीच.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे माझं नाक पुसण्यापासून कान पिळण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. पुढे ती शिकली आणि समुद्रकाठच्या एका संशोधन केंद्रात लागली. लग्नाच्या भानगडीत पडली नाही. मी शिकलो नाही; बोर्ड रंगवायला लागलो. हाताला कायम रंग, म्हणून गावभर रंग्या. आता छापील फलकांनी आमच्या धंद्याचं पार वाटोळं केलंय, पण फाटकं आणि भिंती अजून आहेत, चाललंय.

बावीस वर्षांत तिने मला कामासाठी कधी हाक मारली नव्हती. त्याला कारण होतं आणि ते कारण मीच होतो.

तिच्या प्रबंधाची चित्रं मी काढली होती. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, डोकं जाग्यावर नव्हतं. एका चित्रात एका प्राण्याचा बारकासा पाय होता. उघडाबोडका, सरळसोट. मला तो ओका-ओका वाटला, म्हणून मी त्याला नाजूक केसांची झालर जोडून दिली. बोर्डावर नाही का, अक्षर रिकामं वाटलं तर आपण सावली देतो, तसं. परीक्षकांनी भर सभेत विचारलं, “हे केस तुम्ही कुठे पाहिलेत?” ताईने माझं नाव सांगितलं नाही. चूक स्वतःवर घेतली. मिळायची ती जागा गेली, आणि तेव्हापासून ती वर्षावर्षाच्या करारावर राहिली. मला तिने एवढंच म्हटलं, “तुला काय दिसलं ते मी मागितलं होतं. तुला काय आवडतं ते नव्हतं मागितलं.” त्यानंतर आमच्यात जेवणखाण, दुखणीखुपणी सगळं बोलणं होतं, फक्त कामाचं नव्हतं.

केंद्राच्या दारात ती उभी होती. मी जवळ जाईपर्यंत तिचा चेहरा कोराच. मी दोन पावलं चाललो तशी म्हणाली, “फरफटत चालायची सवय गेली नाही अजून.”

मला खटकलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या कानाच्या बाजूला बघत होती.

खोलीत गेल्यावर तिने दार लावलं आणि सांगितलं. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. उजवा दोन वर्षांपूर्वीच गेला. डावा या वर्षी. कडेचं दिसतं, मधलं जातं. माणूस समोर उभा राहिला की खांदे दिसतात, कान दिसतात, तोंडाच्या जागी राखाडी डाग.

“उपाय?”

“सुया टोचून झाल्या डोळ्यात. आता जे गेलंय ते परत येत नाही, म्हणतात.”

“इथे कुणाला माहीत आहे?”

“टाकीवाल्याला, माशांच्या टाक्या सांभाळतो त्याला. त्याला न सांगता कळलं. संचालकांना कळलं तर करार संपला. मायक्रोस्कोपवर बसणाऱ्या बाईला दिसत नाही, तर तिला ठेवतील कशाला?” ती हसायला गेली, जमलं नाही. “तीन आठवड्यांनी करार वाढवणाऱ्या समितीची बैठक आहे. तोवर एक गोष्ट बघायची आहे मला. मी बावीस वर्षं जिची वाट पाहिली ती गोष्ट आता, ह्याच महिन्यात येतेय. आणि मला दिसत नाही, रंग्या.”

असं बोलताना तिला मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. मी फक्त विचारलं, “काय बघायचंय?”

तेव्हा तिने मला समजावलं. ती शिकवायला लागली की तिचा आवाज बदलतो. तेवढा वेळ तिला काही झालेलं नाही असं वाटायचं.

बार्नॅकल म्हणजे समुद्रातल्या खडकांना चिकटलेले कवचातले जीव, केसाळ पायांनी पाण्यातलं अन्न गाळून खाणारे. त्यांतले काही परजीवी असतात. म्हणजे बांडगूळ. सगळ्यांत बेरकी ते खेकड्यावरचं. त्याचं पिल्लू खेकड्याला चिकटतं, पाय टाकतं, कवच टाकतं, सगळंच टाकतं, आणि एका पोकळ सुईतून आपला जीवच खेकड्याच्या आत सोडतं. मग आत मुळं पसरतात, पार पायांच्या टोकांपर्यंत. पुढे पोटाखाली, जिथे खेकडीण अंडी सांभाळते तिथे, एक पिशवी बाहेर येते. खेकडा ती आपलीच अंडी समजून साफ करतो, जपतो. त्याला स्वतःला पोरं कधीच होत नाहीत. नर असला तरी तो आईसारखा वागायला लागतो.

“शी,” मी म्हणालो.

“शी काय? पिशवी आणि मुळं, एवढंच उरलेलं असतं त्याचं. हा बार्नॅकल आहे हे बघून कुणी म्हणेल का? पण पिल्लू बघितलं की घराणं कळतं. डोक्याला दोन शिंगं, सहा पाय, एक डोळा. खडकावरच्या बार्नॅकलचं पिल्लू तसंच.”

“आणि तुझं कुठलं?”

“माझं मुशीवरचं.”

छोट्या जातीच्या मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, पाठीत रुतून बसणारा एक बार्नॅकल तिने तरुणपणी शोधला होता. मऊ, वांग्याच्या रंगाचा, कवच नसलेला. त्याच्या देठातून मुळं निघून मुशीच्या मांसात जातात आणि तो तिथूनच जगतो. पण त्याला पायही आहेत. बोडके, निकामी, तरी आहेत. म्हणजे अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. ताईचं म्हणणं असं की परजीवी व्हायची वाट ह्या घराण्यात एकदाच फुटली. मुशीवरचा हा त्या वाटेवर मध्येच थांबलेला, आणि खेकड्यावरचा शेवटाला पोचलेला. दुसरे म्हणत, नाही, हा साध्या बार्नॅकलमधून वेगळाच, अलीकडे बिघडलेला आहे. बाहेरच्या लोकांनी पेशींच्या तपासण्या केल्या होत्या, त्यांचा कौलही ताईच्या विरुद्ध होता. ताई म्हणायची, नमुने मोजके होते, जुने होते. “पिल्लू चिकटताना कुणी पाहिलेलं नाही अजून. सुई असली तर माझं खरं. सुई नसली तर त्यांचं.”

“आणि असेल ना?”

“असणारच,” ती म्हणाली. “असायलाच हवी.”

टाकीघरात एक हातभर लांबीची मुशी गोल गोल फिरत होती. जाळ्यात सापडलेली. तिच्या पाठीवरच्या पराच्या, म्हणजे पोहायच्या पंखाच्या, मुळाशी ते वांगं बसलेलं, पिल्लांनी भरलेलं. टाकीवाला म्हणजे साठीचा, कमी बोलणारा गृहस्थ. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, “मुशी खात नाही पाच दिवस झाले. जे काय करायचं ते लवकर करा.”

संचालकांना ताईने सांगितलं, चित्रं चांगली हवीत म्हणून चित्रकार आणलाय. ते खूष झाले. फोटो होतेच की काढायला, पण मायक्रोस्कोपमध्ये एका वेळी एकच थर दिसतो; बाकीचं धुकं. वरून खाली थर उतरत जायचं, कांदा सोलावा तसं, आणि सगळं मिळून एक चित्र उभं करायचं, हे हातानेच होतं. पहिले दोन दिवस मला माझ्याच पापण्या दिसत होत्या. ताई मागे उभी राहून सांगायची, “डोळा दाबू नकोस. श्वास सोड. चाक हळू फिरव, दूध उतू जाताना गॅस कमी करतोस तसं.” तिसऱ्या दिवशी काचेच्या बशीत एक पारदर्शक जीव लटपटत समोर आला, आणि माझ्या तोंडून शिवी गेली.

“काय दिसलं?” ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

“शिंगं. दोन. आणि पाय, काय पाय मारतंय गं.”

पिल्लं सुटली होती. त्याच दुपारी मुशी मेली. टाकीवाल्याने तिला बाहेर काढलं आणि ताईच्या सांगण्यावरून पराच्या पातळ कातडीचे नखाएवढे तुकडे करून बर्फात ठेवले. पिल्लं मोठी झाली की त्यांना चिकटायला दुसरं काय देणार? दर काही तासांनी पाणी बदलायचं, तापमान बघायचं. रोज थोडी पिल्लं मरायची. बशीच्या तळाला पांढरी भुकटी साठायची. ताई विचारायची, “किती उरली?” मी मोजून सांगायचो. चारशे. दोनशे दहा. नव्वद. आकडा ऐकला की ती मान हलवायची आणि पुन्हा बाकावर जाऊन बसायची, हात मांडीखाली दाबून. ते हात स्वस्थ बसेनात म्हणून.

एकदा मी चहा घेऊन आलो तर ती माझ्या खुर्चीवर होती. डोळा नळीला लावलेला, मान वाकडी करून, कडेच्या नजरेने काही सापडतंय का बघत. किती वेळ बसली होती कुणास ठाऊक. गालावरून पाणी गळत होतं, ते टेबलावर साचलेलं. मी कप ठेवला.

“एकदाच,” ती म्हणाली, “एकदाच नीट दिसलं असतं. एक मिनिट. मग घ्या म्हणावं दोन्ही डोळे.”

मी कप पुढे सरकवला. तिने त्याला धक्का दिला, चहा सांडला, आणि आम्ही दोघं फडकं शोधत बसलो.

आठव्या दिवशी पिल्लांनी दुसरं रूप घेतलं. वालाच्या दाण्यासारखी, दोन टरफलांतली. ह्या रूपात ती काही खात नाहीत, फक्त जागा शोधतात. आम्ही त्यांना कातडीचे तुकडे दिले. ती त्यावर उतरली आणि दोन मिशांवर चालायला लागली. एखादा माणूस खोली भाड्याने घ्यायच्या आधी भिंतींवर टकटक करत फिरतो ना, अगदी तशी. मी सगळं मोठ्याने सांगत होतो. ताई ऐकत होती, ओठ हलवत होती.

दहाव्या दिवशी अकरा पिल्लं चिकटली. मी त्यांच्यावरून नजर काढली नाही. टाकीवाला खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, “जेवा,” तेव्हा डबा तिथेच. पुढचे चार दिवस मी चित्रामागून चित्र काढत गेलो. आणि मला जे दिसत होतं ते मी ताईला सांगायचं टाळायला लागलो.

शेवटी तिने विचारलंच. “सुई?”

“नाही दिसली.”

“टोकाशी बघ. मिशांच्या मध्ये.”

“बघितलं, ताई. प्रत्येकात बघितलं. ती डिंकासारखं काहीतरी सोडून चिकटली. टरफल टाकलं. मग उभी राहिली. पाय फुटलेत, सहा जोड्या, आणि ती पाय मारतायत. खालून देठाच्या बुडाशी बारीक कोंब निघालेत, कातडीत घुसतायत. मुळंच ती. पण पायही चालू आहेत अजून. आणि पायांना...” मी थांबलो.

“पायांना काय?”

“केस आहेत.”

ताईचा चेहरा पांढरा पडला. मग हळूहळू लाल झाला.

“पुन्हा केस काढलेस?”

“आहेत म्हणून काढले.”

“मोठ्याचे पाय बोडके असतात! पिल्लाला झालर कुठून येईल? अन्न गाळायची झालर, तीही मुळं फुटत असताना? तुला माहीत आहे का तू काय म्हणतोयस ते? बावीस वर्षांपूर्वी तुझ्या केसांनी माझं वाटोळं केलं, आता उरलंसुरलं करायला आलायस?”

“ताई, मला दिसतं ते...”

“तुला दिसतं! तुलाच दिसतं ना! मला कुठे दिसतंय!” तिने टेबलावरचे कागद ओढले, चुरगाळले, आणि लगेच घाबरून पुन्हा सरळ करायला लागली, तळहाताने इस्त्री केल्यासारखे. मी तिच्या हातातून हळूच काढून घेतले.

दुसऱ्या दिवशी ती शांत होती. म्हणाली, “काल मी वाटेल ते बोलले. एक ताजी बशी लावलीय टाकीवाल्याने. पहिल्यापासून नीट काढ.”

मी बसलो. संध्याकाळपर्यंत काढलं. दोन टरफलांचा तोच दाणा, पण हा खेकड्याच्या पायाच्या केसाशी चिकटलेला. पोटात आतडं नाही. आणि पुढून निघालेली एक पोकळ, टोकदार सुई. स्पष्ट. शाळेतल्या पोरानेही ओळखावी इतकी स्पष्ट. आदल्या दिवसांत मी जिच्यासाठी डोळे फोडून घेतले होते ती ही.

“सुई आहे,” मी म्हणालो. “पण ताई, ही आपली पिल्लं नव्हेत. ही खेकड्यावरच्या बार्नॅकलची आहेत. बशी बदललीस तू.”

तिने चाचपत बशीवर झाकण ठेवलं.

“मला तपासलंस?”

“हो.”

मला राग आला, खूप आला. पण तो तोंडातून बाहेर पडायच्या आत ताई भिंतीला टेकून हळूहळू खाली सरकली आणि फरशीवर बसली.

“खरं काढलंस,” ती म्हणाली. “हुबेहूब. म्हणजे कालचंही खरं.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी खोटारडा ठरलो असतो तर ती वाचली असती. मी खरा ठरलो होतो.

मी तिच्याशेजारी फरशीवर बसलो. ती हिशेब केल्यासारखी बोटांवर काही मोजत होती. नंतर कळलं, तिने सुईबद्दल लिहिलेले लेख मोजत होती. एकोणीस झाले.

“ताई,” मी म्हणालो, “सुई काढून देऊ?”

“काय?”

“आता माहीत झालीय मला कशी असते ती. मुशीच्या पिल्लाला जोडून देतो. पायांचे केस गाळून टाकतो. चार दिवसांत ती अकरा पिल्लंही मरतील. कुणाला कळणार आहे? तुला, मला आणि टाकीवाल्याला. तो तर ‘जेवा’ सोडून काही बोलत नाही.”

मला वाटलं ती कानाखाली वाजवेल. वाजवली असती तर बरं झालं असतं. पण तिने दोन्ही तळहातांनी डोळे झाकले. आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, “काढ.”

मी काढलं. दोन तास लागले. सांगायला लाज वाटते, पण माझ्या आयुष्यात त्याहून देखणी रेघ माझ्या हातून उतरलेली नाही. दोन्ही चित्रं मी एकाच मापाच्या कागदावर केली होती. तिने ती दोन्ही मागून घेतली, कागदांवरून बोटं फिरवली. बोटांना काय कळणार, शाईच ती.

बैठकीपर्यंतचे चार दिवस ती जेवली नाही म्हटलं तरी चालेल. पिल्लांना बघायला सांगायची नाही, मीच आपला सांगायचो. केस झडायला लागले होते. मुळं खोल गेली तसे पाय मंदावले. सहाव्या जोडीचे आधी थांबले, मग पाचव्या. मी तारीख घालून एकेक काढून ठेवत होतो. कशासाठी, ते माझं मलाच कळत नव्हतं.

बैठकीच्या सकाळी ती नेहमीसारखी नीटनेटकी तयार झाली. माझ्या काखेत दोन्ही पाकिटं होती. जिन्यापाशी थांबून तिने हात पुढे केला.

“खरं दे.”

आता मी खोटं बोलणार नाही. माझा हात आधी दुसऱ्या पाकिटाकडे गेला. तिला कळणार नव्हतं. खोट्या चित्राने तिचा करार वाढला असता, नाव राहिलं असतं. मी तिचं नुकसान केलं होतं, त्याची भरपाई झाली असती. मी पाकीट अर्धं ओढलंही. मग म्हटलं, ही बोलेल एक आणि कागदावर असेल दुसरं. आणि नाही बोलली तरी, ही बाई बावीस वर्षं माझ्यामुळे गप्प राहिली ती काय यासाठी? मी खरं दिलं.

आत समितीचे पाच लोक, संचालक, आणि चित्रं धरायला म्हणून कोपऱ्यात मी. ताई उभी राहिली. एका दमात बोलली. “मी आजवर म्हणत आले की मुशीवरच्या बार्नॅकलचं पिल्लू सुईने आत शिरतं. ते चूक आहे. सुई नाही. ते साध्या बार्नॅकलसारखं चिकटतं, साध्या बार्नॅकलसारखे केसाळ पाय उगवतं, आणि ते पाय चालू असतानाच देठातून मुळं फुटतात. म्हणजे ह्या घराण्यात परजीवीपणा एकदाच आलेला नाही. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दारांनी आला. माझे एकोणीस लेख त्या मुद्द्यापुरते रद्द समजावेत.”

आणि तिने चित्र वर धरलं.

एक म्हातारे सदस्य चष्मा सावरत म्हणाले, “बाई, चित्र उलटं धरलंय.”

ताईने कागद तसाच धरून ठेवला. “बार्नॅकल डोक्यावरच उभा असतो, सर.”

सगळे हसले. मीही हसलो, सुटलो म्हणून. पण संचालक हसले नाहीत. त्यांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला आणि सौम्यपणे म्हणाले, “ह्याची पहिली ओळ वाचता का जरा?”

ताईने कागद घेतला. डावीकडे धरला, उजवीकडे धरला. मान तिरकी केली. मला कोपऱ्यातून दिसत होतं, मोठ्या अक्षरांत तिचंच नाव होतं त्या ओळीत. शेवटी तिने कागद टेबलावर ठेवला.

“तुम्ही सांगायला हवं होतंत,” संचालक म्हणाले. ते वाईट नव्हते. त्यांच्या आवाजात खरंच दुःख होतं. त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

करार वाढला नाही. शोध मात्र सगळ्यांनी मानला. पाय आणि मुळं एकाच वेळी चालू असलेलं पिल्लू त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. चित्रं छापून आली, खाली तिचं नाव आणि माझं. त्या म्हाताऱ्या सदस्यांनी मला आणखी काम दिलं, केंद्रातच. मी नको म्हणत होतो. ताई म्हणाली, “वेडा आहेस का? घे.” पण म्हणताना तिने तोंड फिरवलं. मला दिसलं ते. तिची खुर्ची, तिचं टेबल, तिचा मायक्रोस्कोप. आणि वर बसणार मी, दहावी नापास.

मी काम घेतलं, केंद्राच्या गावातच बिऱ्हाड केलं आणि तिला माझ्या घरी आणलं. माझी बायको जिवाला जीव देणारी, पण ताईला कुणाची सेवा सोसायची नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. कधी एकदम विचारायची, “पाचव्या जोडीचे केस कितव्या दिवशी झडले?” मी सांगायचो, अठराव्या. “नक्की?” नक्की. थोड्या वेळाने पुन्हा तेच. डोळ्यांवर आता कडेनेही धुकं चढत होतं. एकदा बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, “त्यांना एकटं सोडू नका. त्या काल मला विचारत होत्या, भरतीची वेळ काय म्हणून.”

आणि एका सकाळी अंथरूण रिकामं.

चपला जाग्यावर होत्या. मी अनवाणीच धावलो. समुद्र घरापासून पंधरा मिनिटांवर, मी किती मिनिटांत गेलो ठाऊक नाही. वाटेत पाववाल्याला विचारलं, एक बाई गेली का? तो म्हणाला, भिंतीला हात लावत लावत गेली, खडकांकडे. मी खडकांकडे वळलो.

ती पाण्याच्या काठाशी, काळ्या खडकावर बसली होती. कमरेपर्यंत भिजलेली. लाटा पायाशी येत होत्या, आणि एक पाऊल तिने हाताने घट्ट धरलं होतं. बोटांमधून रक्त गळत होतं.

“ताई!”

“फरफटत नाही चाललास आज,” ती म्हणाली. दात वाजत होते तिचे.

मी तिला मागे ओढलं, मिठीत धरलं, आणि मला रडू कोसळलं. मी विचारलं, “इथे कशाला आली होतीस?”

“तुला माहीत आहे कशाला.” ती खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. “कमरेपर्यंत गेले. मग पाय घसरला आणि खडकावरच्या ह्या बार्नॅकलांवर आपटला. केवढी धार असते रे! तीस वर्षं ह्यांच्यावर घालवली आणि मेल्यांनी मलाच कापलं. इतका संताप आला की पुढे जायचं राहूनच गेलं.”

मी हसू की रडू, कळेना. तिला पाठुंगळी घेतलं. हलकी झाली होती फार. वाटेत ती एकच वाक्य बोलली, “आज नाही गेले म्हणजे उद्या जाणार नाही असं नाही हं, रंग्या.” मी म्हटलं, “ठीक आहे. उद्याचं उद्या बघू. उद्या मी सुट्टी घेतो.”

दवाखान्यात गर्दी होती. परिचारिकेने जखम धुतली, आत बघितलं आणि म्हणाली, “काच लागली का?”

“काच कसली, बार्नॅकल,” ताई म्हणाली.

“ते काय असतं?”

ताईने माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेने, मान वळवली. मग पुन्हा परिचारिकेकडे. “शिंपला वाटतो ना? शिंपला नाही तो. कोळंबीचा चुलतभाऊ. टाके घालेपर्यंत सांगते. वेळ आहे ना तुम्हाला?”

परिचारिकेला वेळ नव्हता. तिने सुईत दोरा ओवला. मागच्या बाकावरचा एक माणूस कपाळाला आठ्या घालून घड्याळ बघत होता. ताईने पहिल्या टाक्याला ओठ चावला, आणि बोलायला सुरुवात केली.